अर्थ इल्ला

थंडी म्हणजे बेळगावची, अशी माझी माहेरची समजूत. शहापुरात लहानपण गेलेल्या मुलीला सिकंदराबादेत डिसेंबरात कानटोप्या घालून फिरणारी माणसं पाहून हसू यायचं. इथे पहाटे पारा १२-१४ अंशांवर येतो, एखाद्या वर्षी दहाच्या खाली घसरतो, आणि नऊ वाजता ऊन वर आलं की स्वेटर काढून ठेवायचा. याला काय थंडी म्हणायची? पण २००५ च्या डिसेंबरात याच थंडीने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. ती मला नव्हती बाधली. आमच्या गाडीला बाधली होती.

गाडी म्हणजे पांढरी मारुती ८००, चोकवाली. नंतरच्या गाड्यांत पेट्रोल-हवेचं प्रमाण कॉम्प्युटर ठरवायला लागला, तेव्हापासून चोक हा शब्दच घरांतून गेला. तरुण वाचकांसाठी सांगते, की थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते नळीच्या भिंतींनाच चिकटून राहतं. म्हणून सुरुवातीला हवा थोडी कोंडायची आणि पेट्रोल जास्त जाऊ द्यायचं. कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप त्यासाठी तारेने ओढून बंद करायची, इंजिन तापलं की चोक परत आत ढकलायचा. विसरलं की धूर आणि पेट्रोलचा खर्च. आमच्या ह्यांचा संसारातला निम्मा उपदेश 'चोक आत केलास का?' या एका वाक्यात मावत असे.

सासर माझं भालकीचं. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत. अप्पा मराठी, सासूबाई म्हणजे अव्वा बसवकल्याणकडच्या कन्नड. घरात वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपायचं, आणि भांडण झालंच तर दोघंही उर्दूत जायचे. निजामाच्या राज्यात लहानाची मोठी झालेली माणसं ती. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असंच असणार, म्हणून जास्त सांगत नाही.

अप्पांनी उभी हयात बसच्या डेपोत काढली. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ गाड्यांवर बससेवा सुरू केली होती. अप्पा पोरवयात हाताखालचा मुलगा म्हणून बीदरच्या डेपोत शिरले, तेव्हाही त्या जुन्या आल्बियन गाड्यांच्या गोष्टी सांगणारे मिस्त्री तिथे होते. १९५६ ला बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि अप्पाही डेपोसकट गेले. 'मी जागचा हललो नाही, राज्यच बदललं,' असं ते म्हणायचे. निवृत्त झाले ते मेकॅनिक म्हणून. पण २००५ मध्ये त्यांच्याकडे बघून हे कोणाला खरं वाटलं नसतं. मधुमेहाने आधी डोळे अधू केले, मग मूत्रपिंडं गेली. डायलिसिससाठी त्यांना आम्ही मारेडपल्लीला आमच्याकडे आणलं.

मंगळवार आणि शुक्रवार, पहाटे साडेपाचची पाळी. पंजागुट्ट्याच्या बाजूचं रुग्णालय. यंत्रावर चार तास. उशीर झाला तर मागे दुसरा रुग्ण बसलेलाच असतो, त्यामुळे आपले चारचे साडेतीन होतात. साडेतीन झाले की अंगातलं पाणी पूर्ण निघत नाही आणि पुढचे दोन दिवस पायांची सूज आणि दम. हे मला कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं, अप्पांच्या घोट्यावर अंगठा दाबून कळायचं. आमचे हे तेव्हा बँकेच्या बदलीवर निजामाबादला, शनिवारी रात्री यायचे. म्हणजे चालक मी. गाडी चालवायला चाळिशीनंतर शिकलेली, बोनेट कधी उघडलेलं नाही.

आणि गाडी पहाटे सुरू होईना.

आवाज अजून कानात आहे. घर्र... घर्र... घ... आणि मग नुसता टिक्. चौथ्या-पाचव्या वेळेला कधी तरी इंजिन धरायचं, कधी अजिबात नाही. मग वॉचमनला उठवायचं, मुलीला उठवायचं आणि त्या दोघांनी उतारापर्यंत धक्का मारायचा. गंमत म्हणजे धक्क्यावर गाडी पहिल्या दणक्यात सुरू. आणि दुपारी भाजीला निघावं तर किल्लीला हात लावताच सुरू. गाडी नाटकं करते आहे, असं मला खरोखर वाटायला लागलं होतं.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने गाडीकडे न बघताच निदान केलं. 'बाटरी खलास है अम्मा. नवी डालो. फिर कायकू टेन्शन लेरे?' नवी बॅटरी घातली. दोन हजारांच्या वर गेले. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या पहाटे पुन्हा घर्र... घ... मग प्लग बदलले. मग कार्बोरेटर उतरवून धुतला. मग 'सेल्फ खोलना पडता' असं ठरलं. तेवढ्यात महिना संपत आला होता, म्हणून मी म्हटलं, नक्को. (हा 'नक्को' दख्खनीला आपण दिला म्हणतात. मिस्त्रीशी बोलताना तो व्याजासकट परत मिळतो.)

मिस्त्रीला दोष देत नाही. थंडीत गाडी सुरू होत नाही म्हटलं की शंभरातल्या बहुतेक वेळा बॅटरीच असते. थंडीने तिची आतली रासायनिक क्रिया मंदावते, त्यात इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, म्हणजे जोर कमी आणि काम जास्त. त्याचं उत्तर चुकीचं नव्हतं, फक्त आमच्या गाडीचं नव्हतं. मात्र एक गोष्ट आम्हा कोणाच्याच डोक्यात आली नाही. आमच्या शेजारच्या कर्नलसाहेबांची याहून जुनी गाडी त्याच झाडाखाली, त्याच दवात उभी असायची आणि पहिल्या सेल्फला सुरू व्हायची. १३ अंशांची थंडी धडधाकट गाडीला अडवत नाही. आधीच काही तरी लंगडं असेल तरच अडवते.

आता अप्पांचं. पहिल्या मंगळवारी, म्हणजे ज्या दिवशी पहिल्यांदा गाडीने त्रास दिला त्या दिवशी, आम्ही पॅराडाइजच्या चौकातून बेगमपेटकडे वळत होतो. अप्पा शेजारच्या सीटवर शाल गुंडाळून बसले होते. बराच वेळ गप्प होते, मग काचेकडे तोंड करून म्हणाले, 'इदक्क अर्थ इल्ला.'

याला अर्थ नाही.

मी गाडी चालवत होते म्हणून बरं, नाही तर माझ्या चेहऱ्यावर काय आलं ते त्यांना दिसलं असतं. डायलिसिसला बसणारी माणसं एका टप्प्यावर हे म्हणतात, हे मी तिथल्या बाकावर बसून ऐकलं होतं. हातात सुया, मोजून पाणी, आठवड्याचे दोन दिवस असे आणि मधले दिवस झोपेत. कशासाठी? मी म्हटलं, 'अप्पा, असं बोलू नये.' त्यांनी उत्तर दिलं नाही.

शुक्रवारी गाडी पुन्हा अडली. मी चौथ्यांदा सेल्फ मारत असताना पुन्हा तेच. 'अर्थ इल्ला.' पुढच्या मंगळवारी तर दोनदा. एकदा म्हणाले, 'भिंतीवरचा उजेड बघ.' पहाटेच्या अंधारात समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर आमच्याच हेडलाइटचे दोन गोळे पडलेले असायचे. मला वाटलं, नजर गेलेल्या माणसाला तेवढंच दिसतंय म्हणून बोलतात. अव्वांना सांगितलं. अव्वा काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांचं देवघरातलं बसणं वाढलं आणि जेवण कमी झालं. ह्यांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, 'शनिवारी येतो, बोलतो मी.' शनिवारी आले, अप्पांच्या पायाशी दोन तास बसले आणि क्रिकेटविषयी बोलून उठले. मुलगे असेच असतात.

तिसऱ्या आठवड्यातला शुक्रवार. थंडी जरा जास्तच होती, बोलताना तोंडातून वाफ येत होती. पाच वेळा सेल्फ मारला. सहाव्या वेळी चोक आणखी ओढावा म्हणून हात घातला आणि झटकन मागे घेतला. जळकट वास आला होता, प्लास्टिक भाजल्यासारखा. चोक गरम होता! आख्खी गाडी बर्फासारखी गार, स्टिअरिंग धरवत नव्हतं, आणि इंजिन एकदाही न धरलेल्या गाडीत ती एक वस्तू मात्र चहाच्या कपासारखी गरम.

'अप्पा, चोक तापलाय.'

'बिसी अद?' अप्पा ताठ बसले. गेल्या दोन महिन्यांत मी त्यांना तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी हात लांब करून चाचपडत चोक शोधला, बोटं लावली, आणि मला म्हणाले, 'मी काय म्हणतोय तीन आठवडे? अर्थ नाही. गाडीला अर्थ नाही! बोनेट उघड.'

अर्थ. बॅटरीचा अर्थ. आपण अर्थिंग म्हणतो ते.

त्या क्षणी मला रडू आलं की हसू, आता सांगता येणार नाही. वेळही नव्हता, पाच वाजून गेले होते. डिकीत जंपरच्या दोन वायरी होत्या, एक लाल, एक काळी. कर्नलसाहेबांच्या बॅटरीवरून गाडी सुरू करायला मीच आणलेल्या. अप्पा सीटवरूनच ओरडत होते, 'लाल नको! फक्त काळी. एक चिमटा बॅटरीच्या मायनसला. दुसरा इंजिनच्या उघड्या लोखंडाला. रंग असेल तिथे नको, बोल्ट बघून लाव.' मुलीने टॉर्च धरला. मी लावला. परत बसून किल्ली फिरवली आणि सेल्फ असा फिरला, की नव्या बॅटरीत इतका जोर होता हे मला तेव्हा कळलं. दोन-चार आचके देऊन इंजिन सुरू.

आम्ही पाच पस्तीसला पोहोचलो. अप्पांना चार तास पूर्ण मिळाले.

त्या चार तासांत यंत्राला जोडलेल्या अप्पांनी मला सगळं समजावलं. रक्त बाहेर फिरून परत येतं तेव्हा बऱ्याच जणांना तिथे हुडहुडी भरते. अप्पांनाही भरायची. त्या दिवशी दोन ब्लँकेटांतून त्यांचा एक हात बाहेर होता आणि हवेत आकृत्या काढत होता. मला समजलं ते असं. बॅटरीतून वीज लाल वायरने सेल्फकडे जाते, पण तिला परतही यावं लागतं. परतीची वाट म्हणजे गाडीची बॉडी. आता इंजिन बसलेलं असतं रबरी पायांवर, हादरे लागू नयेत म्हणून. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनपासून बॉडीला तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी लावलेली असते. तीच 'अर्थ'. ती खराब झाली की वीज परत यायला दुसरी वाट शोधते. आमच्या गाडीत तिला सापडली चोकची तार. एक टोक कार्बोरेटरमार्गे इंजिनला, दुसरं डॅशबोर्डच्या पत्र्याला. पण सेल्फला लागतात शंभर-दीडशे अँपिअर. सायकलच्या ब्रेकच्या तारेएवढी ती तार, ती तापणार नाही तर काय! आणि तापून तापून तिच्या आतलं प्लास्टिक मऊ होऊन तार अडकायला लागली होती, त्यामुळे चोकची झडपही पुरती बंद होत नव्हती. म्हणजे सेल्फही मंद आणि पेट्रोलही कमी. एका खराब पट्टीने दोन दुखणी लावली होती.

'आणि भिंतीवरचा उजेड?' मी विचारलं.

'बॅटरी मेली असेल तर सेल्फ मारताना दिवे मरतात. तुझे दिवे मरत नव्हते. दिव्यांचा अर्थ बॉडीला असतो, त्यांना इंजिनच्या पट्टीशी काम नाही. मला तुझं तोंड दिसत नाही, पण उजेड कमी झाला की नाही तेवढं दिसतं अजून.'

मग धक्क्यावर गाडी का सुरू व्हायची, दुपारी का व्हायची, हे विचारायची गरजच उरली नाही. धक्का मारला की सेल्फचं कामच नाही. दुपारी ऑइल पातळ असतं, चार फेऱ्यांत काम होतं.

शनिवारी हे आले. आधी त्यांचा विश्वास बसला नाही, बँकेतला माणूस कागद बघितल्याशिवाय मानत नाही. रविवारी इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात माझी पुस्तकं बदलायला जायचं होतंच, तिथूनच पुढे कोठीला जाऊन त्यांनी एक स्वस्तातला मल्टिमीटर आणला. काळी सुई बॅटरीच्या मायनसला, लाल सुई इंजिनला, आणि मी सेल्फ मारायचा. वाट चांगली असेल तर काटा हलला न हलला असं व्हायला हवं, अर्ध्या व्होल्टच्या आत. आमचा गेला पावणेतीनवर. १२ व्होल्टच्या बॅटरीतले पावणेतीन परतीच्या वाटेवरच सांडत होते. ह्यांनी लगेच पाकिटाच्या पाठीवर गणित मांडलं. ०.०२ ओहम म्हणजे जवळजवळ काहीच नाही, पण १५० अँपिअरला तेच तीन व्होल्ट खातं. पेन खिशात ठेवून म्हणाले, 'अप्पा बरोबर होते.' मुलगा बापाला असं म्हणतो तेव्हा बाप खोलीत नसतो, हेही नेहमीचंच.

पट्टी गिअरबॉक्सजवळ सापडली. दोन-तीन वर्षांपूर्वी क्लचप्लेट बदलताना कोणी तरी ती सोडून परत लावली होती, खालचा गंज आणि ग्रीस तसंच ठेवून, बोल्टही अर्धवट आवळलेला. कोण ते आठवत नाही आणि आठवूनही उपयोग नाही. पावसाळ्यांनी बाकीचं केलं. तांबं हिरवं पडून भुगा झालं होतं, दहा-बारा तारा कशाबशा धरून होत्या. राणीगंजात गाडीच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत, तिथे नवी पट्टी मिळाली, पन्नासच्या आत. चोकची तार थोडी महाग पडली. नव्या बॅटरीचे दोन हजार आठवून मी आठवडाभर चरफडत होते. लावताना अप्पा खुर्ची टाकून बाहेर बसले होते, उन्हात. दोन्ही टोकांखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायला लावला. 'दिसला पाहिजे,' म्हणत होते, 'लोखंडाचा रंग दिसला पाहिजे.' ते बघू शकत नसल्यामुळे बोट फिरवून तपासत होते आणि दोनदा नापास केलं.

अव्वांना मी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. अप्पा गाडीचं म्हणत होते, आपण उगीच घाबरलो. अव्वा खूप वेळ हसल्या, मग पदराने डोळे पुसले आणि त्या दिवशी दोन भाकऱ्या जेवल्या.

पण मला ते आत कुठे तरी पुरतं पटलेलं नव्हतं. पुढच्या मंगळवारी यंत्रावर असताना, त्यांचं मोजलेलं पाणी चमच्याने देता देता, मी विचारून टाकलं. म्हटलं, अप्पा, तुम्ही 'अर्थ इल्ला' म्हणालात तर मला वाटलं तुम्ही ह्याचंच म्हणता. आणि त्या यंत्राकडे हात केला.

अप्पांनी चमचा संपवला. म्हणाले, 'नंतरचं गाडीचं म्हणालो.'

मी गप्प.

'पहिल्या दिवशी गाडीचं नव्हतं.'

मी आणखी काही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, पट्टी लावल्यावर मीटरवर किती आलं? मी म्हटलं, ०.२. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. त्यानंतर सव्वा वर्ष अप्पा होते आणि त्यातली एकही पाळी गाडीमुळे चुकली नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तर गल्लीतल्या दोन गाड्यांचा 'अर्थ' त्यांनी खुर्चीत बसून सांगितला, एकीचा बरोबर निघाला. दुसरीची खरंच बॅटरी होती. गाडी आम्ही २०१२ ला विकली. मल्टिमीटर माझ्याकडे आहे.

पण तो पट्टी बदलल्यानंतरचा पहिला मंगळवार. पहाटेचे पावणेपाच, काचेवर दव, शाल गुंडाळून अप्पा शेजारी. वॉचमन सवयीने गाडीच्या मागे येऊन उभा राहिलेला. मी चोक ओढला, किल्ली फिरवली, इंजिन लगेच सुरू झालं. समोरच्या भिंतीवर दोन गोळे. अप्पांनी हात पुढे करून चोकच्या तारेला बोट लावलं आणि तसंच ठेवलं.

'तण्णग अद,' म्हणाले. थंड आहे. 'चल.'